ब्रॉडवेच्या आरंभकाळातील टॅप नर्तकांच्या आठवणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण १९०० ते १९४० या काळात न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे या नाट्यगृहांच्या भागात आणि एकूणच अमेरिकेच्या संगीत रंगभूमीवर ज्यांनी टॅप केले, त्यांच्यापैकी अनेकांनी उतारवयात आपल्या आठवणी सांगून ठेवल्या आहेत. त्या वाचताना मराठी वाचकांना पुन्हा पुन्हा पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पुनरुक्ती टाळण्यासाठी प्रश्नांना क्रमांक दिले असून, जेथे विषय एकमेकांत मिसळतो तेथे त्या क्रमांकाचा निर्देश केला आहे.

१. टॅप म्हणजे नक्की काय? त्या काळचे लोक त्याला याच नावाने ओळखत होते का?

टॅप हा पायांनी वाजवायचा ताल आहे. बुटाच्या चवड्याखाली आणि टाचेखाली धातूची पट्टी बसवलेली असते, आणि या दोन जागांच्या आघातांतून नर्तक बोल काढतो. नाच डोळ्यांनी पाहायचा आणि कानांनी ऐकायचा असे दोन्ही असले, तरी जुने नर्तक एकमेकांची पारख कानांनीच करत. ‘टॅप’ हे नाव १९२० च्या दशकात सर्वत्र रुळले. त्याआधीच्या आठवणींत ‘बक अँड विंग’, ‘क्लॉग’, ‘जिग’, ‘सॉफ्ट शू’ असे शब्द येतात आणि ते सगळे एकाच नाचाचे समानार्थी शब्द नाहीत. उदाहरणार्थ, सॉफ्ट शू पट्ट्यांविना, मऊ तळाच्या बुटांनी केला जाई. नर्तक स्वतःला ‘हूफर’ म्हणवून घेत. हा शब्द खुरांवरून आलेला आहे, म्हणजे त्यात थोडी स्वतःची थट्टा आहे आणि बराचसा अभिमान.

२. हा नाच आला कुठून?

आयरिश जिग, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणी भागातील लाकडी बुटांचा क्लॉग आणि पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे ताल, असे तीन प्रवाह अमेरिकेत एकत्र आले. दक्षिण कॅरोलिनात गुलामांच्या बंडानंतर १७४० मध्ये कायदा करून त्यांना ढोल बाळगण्यास मनाई करण्यात आली. हातातले वाद्य गेल्यावर ताल हातापायांतच उरला, असे पुढच्या पिढ्यांतील अनेक नर्तक सांगत आले आहेत. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या गरीब वस्तीत आयरिश आणि कृष्णवर्णीय लोक शेजारी राहत. तेथेच ‘मास्टर जूबा’ या नावाने गाजलेला विल्यम हेन्री लेन हा तरुण १८४० च्या दशकात नाचत होता.

३. म्हणजे कथकच्या तत्कारासारखेच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्याचे उत्तर अर्धे होकारार्थी आहे. दोन्हींत पाय हेच वाद्य आहे आणि दोन्हींत वादकाशी सवाल-जवाब होतो. मात्र कथकात पाऊल उघडे असते, बहुतेक आघात सपाट तळव्याचे असतात आणि घुंगरांमुळे प्रत्येक आघाताभोवती नादाचे एक वलय राहते. टॅपमध्ये ते वलय नसते. चवडा आणि टाच यांचे आवाज कोरडे आणि सुटे ऐकू येतात, त्यामुळे एक आघात राहून गेला तरी तो लपत नाही.

रचनेतही एक साम्य आहे. टॅपमधील पायाभूत ‘टाइम स्टेप’ साधारणतः आठ मात्राखंडांची असते. त्यांपैकी सहा खंडांत तेच पाऊल फिरत राहते आणि शेवटच्या दोन खंडांत ‘ब्रेक’ घेऊन ते मोडले जाते. आपल्या कानांना हा ब्रेक तिहाईच्या जवळचा वाटतो, कारण आता काहीतरी पूर्ण होणार हे श्रोत्याला आधीच कळते. पण तिहाईत एकच तुकडा तीनदा येतो, तशी सक्ती ब्रेकमध्ये नाही. या दोन परंपरांची प्रत्यक्ष भेट मात्र फार उशिरा झाली. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले कथक गुरू चित्रेश दास आणि टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात एकत्र कार्यक्रम केले. आरंभकाळातील ब्रॉडवेशी कथकचा संबंध जोडू नये.

४. इतिहासासाठी नर्तकांच्या आठवणींवरच एवढा भर का? लेखी पुरावे नाहीत का?

लेखी पुरावे आहेत, पण ते नेमके पावलांविषयी मुके आहेत. गाणी छापली जात, संवाद टंकलिखित होत, पोशाखांची आणि नेपथ्याची बिले जपली जात. पाऊल मात्र कोणी लिहून ठेवत नसे. प्रयोगाच्या पत्रिकेत ‘नृत्ये अमुक यांनी बसवली’ एवढी ओळ असे आणि त्या अमुकाने बहुधा कोरसच्या, म्हणजे समूहाने नाचणाऱ्या-गाणाऱ्यांच्या, रांगा, त्यांचे येणे-जाणे आणि शेवटचे चित्र बसवलेले असे. मधल्या तीन मिनिटांत एकट्याने नाचणारा हूफर आपली पावले आपणच घेऊन येई आणि नाटक बंद पडल्यावर आपल्याबरोबरच घेऊन जाई. ‘नृत्यरचना’ या अर्थाचा आजचा शब्द श्रेयनामावलीत १९३६ मध्ये ‘ऑन युअर टोज’ या संगीतिकेत जॉर्ज बॅलन्शिन यांनी आग्रहाने घालून घेतला, आणि तेथून तो रुळला. तेही बॅलेतून आलेले गृहस्थ होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

यामुळे १९५० आणि ६० च्या दशकांत मार्शल आणि जीन स्टर्न्स या दांपत्याने वृद्ध नर्तकांच्या ज्या मुलाखती घेतल्या, त्यांना मोल आले. मुलाखतींचा हा ऐवज १९६८ मध्ये पुस्तकरूपाने आला तेव्हा मार्शल स्टर्न्स हयात नव्हते. आज आपण ज्यांच्याविषयी बोलतो त्यांपैकी कित्येक नावे या मुलाखतींमुळेच उरली आहेत.

५. हे लोक नाच शिकत कुठे? शाळा होत्या का?

शाळा होत्या. नेड वेबर्न यांच्यासारखे दिग्दर्शक न्यूयॉर्कमध्ये शुल्क घेऊन रीतसर वर्ग चालवत. पण ज्यांच्या आठवणी आपण वाचतो, त्यांतील बहुतेकांची शाळा म्हणजे फिरती नाटक कंपनी. व्हिटमन भगिनींनी चालवलेली मंडळी १९०० च्या आसपासपासून चार दशके दौरे करत होती आणि लहान वयात तिच्यात शिरलेल्या मुलांना पावलांबरोबरच वेळेवर उठणे, पोशाख धुणे आणि पैसे जपणेही शिकवले जाई. कृष्णवर्णीय कलावंतांना दौऱ्यावर नेणाऱ्या ‘टोबा’ या नाट्यगृहमालकांच्या संघटनेच्या आद्याक्षरांचे जे विनोदी विस्तार कलावंतांनी केले होते, त्यांतील सभ्य विस्ताराचा आशय ‘काळ्या कलावंतांना कठीण’ असा होता. असभ्य विस्तार येथे देत नाही.

न्यूयॉर्कमधले पदव्युत्तर शिक्षण हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, सेव्हन्थ अॅव्हेन्यू आणि १३१ व्या रस्त्याजवळ, लाफायेत नाट्यगृहाच्या शेजारी होई. तेथे एका क्लबाच्या मागे एक लहानशी खोली होती. तिच्यात एक मोडकळीस आलेला पियानो, झिजलेली लाकडी जमीन आणि भिंतीला लावलेले बाक एवढेच सामान होते. हाच ‘हूफर्स क्लब’. पुढच्या खोलीत पत्ते आणि बिलियर्ड्स चालत आणि त्या कमाईवर मागची खोली नर्तकांना फुकट मिळे. तेथे कोणी शिकवत नसे. जो तो नाचून दाखवी आणि बाकीचे ऐकत. जॉन बबल्स कोवळ्या वयात तेथे गेले तेव्हा त्यांना हसून बाहेर काढण्यात आले. ते वर्षभर मेहनत करून परतले, आणि नंतर त्याच खोलीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाऊ लागला. त्यांनी टाच खाली सोडून जो भरीव, उशिरा पडणारा ठोका आणला, त्यालाच पुढे ‘रिदम टॅप’ हे नाव मिळाले.

६. प्रत्येक आठवणीत ‘शफल अलाँग’ येतेच. त्यात एवढे काय होते?

२३ मे १९२१ रोजी न्यूयॉर्कच्या ६३ व्या रस्त्यावरील एका आडबाजूच्या सभागृहात ही संगीतिका सुरू झाली. संगीत युबी ब्लेक यांचे, गीते नोबल सिसल यांची आणि संहिता फ्लोर्नॉय मिलर व ऑब्रे लाइल्स यांची होती. लेखक, संगीतकार आणि नट सारे कृष्णवर्णीय होते. मंडळी न्यूयॉर्कला पोहोचली ती कर्ज डोक्यावर घेऊन आणि बंद पडलेल्या दुसऱ्या नाटकांचे जुने पोशाख अंगावर घालून. त्यानंतर या नाटकाचे सुमारे ५०० प्रयोग झाले.

पहिल्या रात्रीची सिसल यांची आठवण प्रसिद्ध आहे. कृष्णवर्णीय नायक-नायिकेचे सरळ, गंभीर प्रेमगीत गोऱ्या प्रेक्षकांना तोपर्यंत कोणी ऐकवले नव्हते, त्यामुळे दंगा होईल अशी भीती होती. सिसल, मिलर आणि लाइल्स मागच्या दाराशी, एक पाय हार्लेमच्या दिशेने टाकून उभे राहिले. बिचारे ब्लेक वाद्यवृंदासमोर अडकलेले होते, आणि टोमॅटो आलेच तर ते त्यांच्याच टकलावर येणार होते. टोमॅटो आले नाहीत, ‘वन्स मोअर’ आला. ब्लेक यांची दुसरी आठवण इतकी हसरी नाही. वादकांना सारे संगीत पाठ करावे लागले होते, कारण कृष्णवर्णीय माणूस कागदावरची स्वरलिपी वाचतो हे गोऱ्या प्रेक्षकांना रुचणार नाही, ही ब्लेक यांची धारणा होती. ज्याला उपजत ठेवा म्हणून वाखाणले गेले, ते प्रत्यक्षात घोटून केलेले पाठांतर होते. त्याच नाटकात मिलर आणि लाइल्स स्वतःच्या सावळ्या चेहऱ्यांना काजळी फासून विनोद करत, हेही विसरू नये.

नाचाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोरस. तोपर्यंत ब्रॉडवेवरील कोरसच्या मुली बहुधा सुंदर पोशाखात चालत आणि वळत. या नाटकातील मुली जॅझच्या लयीत खरोखर नाचल्या. याच नाटकाच्या दौऱ्यावरील कंपनीत जोसेफिन बेकर ही किशोरवयीन मुलगी रांगेच्या टोकाला उभी राहून मुद्दाम पावले चुकवी, डोळे तिरळे करी आणि अखेरीस सगळ्यांपेक्षा सरस नाचून दाखवी. दोन वर्षांनी, १९२३ मध्ये, ‘रनिन’ वाइल्ड’मध्ये कोरसने टाळ्या आणि पावलांच्या साथीवर चार्ल्सटन सादर केला, आणि तो जगभर गेला.

७. कोरसमधील मुलामुलींना पैसे नीट मिळत होते का?

प्रयोगाचे मिळत, तालमीचे मिळत नसत. आठवडेच्या आठवडे विनावेतन तालीम आणि नाटक चार दिवसांत पडले तर हातात चार दिवसांचेच पैसे, असा प्रकार होता. नाचणाऱ्या मुलींना मोजे आणि बूटही बहुधा स्वतःच्या पैशांनी घ्यावे लागत. ज्यांचे बूट हेच झिजणारे अवजार आहे, त्यांना हा भुर्दंड किती बसत असेल हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट १९१९ मध्ये नटांच्या ‘इक्विटी’ संघटनेने संप केला, ब्रॉडवेवरील नाट्यगृहे महिनाभर ओस पडली आणि त्याच संपात कोरसची स्वतंत्र संघटना उभी राहिली. संपानंतर फुकट तालमींवर मर्यादा आली. मात्र हार्लेमच्या नाइटक्लबांत आणि ‘टोबा’च्या दौऱ्यांत काम करणाऱ्यांपर्यंत हे संरक्षण फारसे पोहोचले नाही, त्यामुळे दोन नर्तकांच्या पगाराच्या आठवणी ताडून पाहताना ते कोठे काम करत होते हे आधी पाहावे.

८. माइक नव्हते, तर एवढ्या मोठ्या नाट्यगृहात पावलांचा आवाज ऐकू कसा जाई?

लाकडामुळे. रंगमंचाच्या फळ्यांखाली पोकळी असते आणि ती तबल्याच्या खोडासारखे काम करते. कोणत्या गावच्या रंगमंचावर कोणती फळी ‘बोलते’ आणि कोठे आवाज बसतो, हे दौऱ्यावरच्या नर्तकाला ठाऊक असावे लागे. आरंभी लाकडी तळाचे बूट होते, धातूच्या पट्ट्या नंतर सर्वत्र आल्या. शिवाय वाद्यवृंद अशा जागी हात आखडता घेई. प्रत्येक खंडाच्या आरंभी एकच ठोका देऊन तो थांबे आणि मधल्या शांततेत पावले वाजत. याला ‘स्टॉप टाइम’ म्हणतात.

कानांवर किती भिस्त होती हे पाहायचे असेल, तर १९०० च्या सुमाराच्या, टॅपचेच जुने रूप असलेल्या बक नृत्याच्या स्पर्धा पाहाव्यात. ‘इन ओल्ड केंटकी’ या फिरत्या नाटकाच्या निमित्ताने अशा स्पर्धा भरत. त्यांत काही परीक्षक चक्क रंगमंचाच्या खाली बसून गुण देत. त्यांना नर्तकाचा चेहरा, हात, पोशाख यांतले काहीच दिसत नसे. अशाच एका स्पर्धेत १९०० मध्ये ब्रुकलिन येथे तरुण बिल रॉबिन्सन यांनी नावाजलेल्या हॅरी स्विंटन यांना हरवले.

९. जिन्यावरचा नाच बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन यांनीच शोधला का?

नाही, जिन्यावर नाचणारे त्यांच्या आधीही होते. रॉबिन्सन यांनी तो १९१८ च्या सुमारास असा काही आपलासा केला की पुढे इतरांना जिना वापरणे अवघड झाले. त्यांच्या नाचाची गंमत ऐकताना कळते. लाकडी जिना दोन्ही बाजूंनी उतरणारा, आणि प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा. ते चवड्यांवर, जवळजवळ तरंगत वर जात, आणि डोळे मिटले तरी ते कितव्या पायरीवर आहेत हे सांगता येई. कमरेवरचे अंग शांत, चेहऱ्यावर आपल्याच पायांचे नवल.

हा नाच कसा सुचला, याच्या कथा त्यांनी स्वतः वेगवेगळ्या सांगितल्या. एका कथेत त्यांना स्वप्न पडले, त्यात इंग्लंडचा राजा पायऱ्यांच्या वर उभा होता आणि ते नाचत नाचत त्याच्याकडे गेले. किंग रास्टस ब्राउन या त्यांच्याहून जुन्या नर्तकाचे म्हणणे मात्र असे की जिना आपला होता आणि तो चोरीला गेला. माझ्या मते दोन्ही बाजूंना आपापल्या जागी बळ आहे. कल्पना अनेकांची होती, पण ते स्वच्छ, नेमके नाद रॉबिन्सन यांचेच होते.

ब्रॉडवेवर त्यांचे नाव झाले ते ‘ब्लॅकबर्ड्स ऑफ १९२८’ मुळे, ऐन पन्नाशीत. त्याआधीची बरीच वर्षे ते व्होडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी, नाच, विनोद अशा सुट्या कार्यक्रमांच्या रंगभूमीवर, होते. तेथे कृष्णवर्णीय कलावंताने एकट्याने रंगमंचावर येऊ नये, जोडीनेच यावे असा अलिखित नियम होता, आणि तो मोडून एकटे उभे राहणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते.

१०. नर्तक एकमेकांची पावले चोरत असे वाचले. मग कोणी न्यायालयात का गेले नाही?

जाण्यासारखा कायदाच नव्हता. अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्यात नृत्यरचनेचा स्पष्ट उल्लेख १९७६ च्या कायद्यापासून आला. त्याआधी १९५२ मध्ये नृत्यदिग्दर्शिका हान्या होल्म यांनी ‘किस मी, केट’ या संगीतिकेतील आपली नृत्ये लिपिबद्ध करून नोंदवून घेतली होती, पण हूफरला नृत्यलिपी कोठून येणार? तेव्हा बिरादरीचा एक नियम होता : दुसऱ्याचे पाऊल जसेच्या तसे उचलायचे नाही. बदल करून उचलले तर ती चोरी नव्हे, ते उत्तर मानले जाई.

बबल्स या कलेत तरबेज होते. एखादा नर्तक सराव करत असला की ते म्हणत, अरे, तेथे तुझा ठोका सुटला, पुन्हा कर पाहू. तो पुन्हा करी, ते पुन्हा अडवत. असे करता करता पाऊल त्यांच्या पायांत उतरले की ते म्हणत, यावरून मला एक आठवले, आणि त्याच पावलाची दोन नवी रूपे करून दाखवत. स्वतःची पावले मात्र ते दर वेळी बदलत, म्हणजे ती कोणाच्या हाती लागू नयेत.

वर्णरेषेपलीकडची उचल ही वेगळी बाब होती. १९१३ मध्ये हार्लेममध्ये गाजलेल्या ‘डार्कटाउन फॉलीज’चा शेवटचा नाच ब्रॉडवेचे निर्माते झिगफेल्ड यांनी विकत घेतला. त्यात नाचणाऱ्या एथेल विल्यम्स यांनी नंतर सांगितले की तो नाच झिगफेल्ड यांच्या नटांना जमेना, म्हणून शिकवायला आपण गेलो, पण मूळ संचातील कोणालाच त्यांच्या नाटकात काम मिळाले नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बडी ब्रॅडली ४६ व्या रस्त्यावरील स्टुडिओत गोऱ्या तारकांना जॅझ वादकांच्या आघातांवरून पावले बांधून देत. न्यूयॉर्कच्या प्रयोगपत्रिकांत त्यांचे नाव शोधून सापडत नाही. १९३० मध्ये ते लंडनला ‘एव्हर ग्रीन’साठी गेले आणि तेथे ते नाव छापले गेले. ते परत येऊन अमेरिकेत स्थिरावण्याऐवजी अनेक दशके लंडनलाच राहिले, याचे नवल वाटत नाही.

११. मग गोऱ्या नर्तकांच्या आठवणी बाजूला ठेवायच्या का?

मुळीच नाही. फ्रेड अस्टेअर आणि त्यांची थोरली बहीण अडेल यांनी १ डिसेंबर १९२४ पासून ‘लेडी, बी गुड’ गाजवले. तालमीत एका गाण्याच्या शेवटी रंगमंचावरून बाहेर कसे जायचे हे सुचेना, तेव्हा पियानोवर बसलेले संगीतकार जॉर्ज गर्शविन उठले आणि त्यांनीच पाऊल करून दाखवले, असे अस्टेअर यांनी लिहून ठेवले आहे. बसवण्याचे काम किती जणांच्या हातून होई, हे यातून दिसते. अशा आठवणींची पडताळणी कशी करावी यासाठी प्रश्न १३ पाहावा.

१२. टॅप नर्तकाला नाटकात खरी भूमिका कधी मिळाली का, की दोन अंकांमधला नाचच?

बहुतेकांना नाचच मिळाला. ठळक अपवाद म्हणजे बबल्स. गर्शविन यांनी ‘पॉर्गी अँड बेस’ या ऑपेरातील स्पोर्टिन’ लाइफ ही भूमिका त्यांना दिली आणि १० ऑक्टोबर १९३५ रोजी ते ब्रॉडवेवर तिच्यात उभे राहिले. त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. एक अवघड लय काही केल्या बसेना, तेव्हा ती त्यांना पावलांच्या बोलांत करून दाखवली गेली आणि लगेच बसली, असे त्या तालमींविषयी सांगितले जाते. प्रयोग १२४ झाले, म्हणजे धंद्याच्या हिशेबाने नाटक पडले. आज त्या भूमिकेचा नट ज्या चालीने रंगमंचावर येतो, तिच्यात मात्र बबल्स यांचे पाय ओळखू येतात.

१३. दोन नर्तकांच्या आठवणी जुळत नसतील तर कोणावर विश्वास ठेवावा?

तारखांच्या बाबतीत दोघांवरही ठेवू नये. वर्तमानपत्रे आणि प्रयोगपत्रिका पाहाव्यात. ‘हे प्रथम मी केले’ या विधानाला सरसकट वजा करावे. ‘शिम शॅम’ हा चार पावलांचा नाच आज जगभरातील टॅप नर्तक शेवटी एकत्र करतात. तो १९२७ च्या सुमारास आपण आणि विली ब्रायंट यांनी व्हिटमन भगिनींच्या कंपनीत बांधला, असे लेनर्ड रीड सांगत. हार्लेमच्या एका नाइटक्लबातील मंडळींचाही त्यावर दावा होता. पावले आधीपासून फिरत असल्यामुळे दोन ठिकाणी सारखी जुळणी होणे अशक्य नव्हते.

याउलट शरीराने लक्षात ठेवलेल्या गोष्टींवर बराच भरवसा ठेवता येतो : फळी कशी होती, लय किती होती, कोणत्या पायावर वळायचे. ऐंशीच्या घरातील नर्तक आपल्याबरोबरच्या माणसाचे नाव विसरतो आणि खुर्चीत बसल्या बसल्या ब्रेक मात्र अचूक वाजवून दाखवतो. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असेल तर टंकलेख वाचून थांबू नये, कारण टंकलेखात तेथे फक्त ‘पाय वाजवतात’ एवढे कंसात असते.

१४. ब्रॉडवेवरून टॅप गेले कधी, आणि का?

१९४३ मधील ‘ओक्लाहोमा!’ आणि अॅग्नेस डी मिल यांचे त्यातील बॅले हे नेहमी दिले जाणारे कारण आहे, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. नाचातून कथा पुढे जावी असा आग्रह सुरू झाला आणि तीन मिनिटे येऊन नाटक थांबवणाऱ्या हूफरला जागा उरली नाही. पण एकट्या बॅलेला दोष देणे बरोबर नाही. व्होडव्हिल आधीच चित्रपटांनी गिळले होते, मोठे बँड मोडले, आणि युद्धकाळात नाचगाण्याच्या क्लबांवर जबर कर बसला. अनेक नर्तकांच्या आठवणी १९४५ च्या पुढे एकदम लिफ्टमन, दारवान, हॉटेलातील नोकर अशा नोकऱ्यांकडे वळतात. १९७१ मध्ये ‘नो, नो, नॅनेट’च्या पुनरुज्जीवनात साठी ओलांडलेल्या, जुन्या काळच्या चित्रपटतारका रूबी कीलर यांनी टॅप केले तेव्हा प्रेक्षक उभे राहिले. वृद्ध कृष्णवर्णीय हूफर ब्रॉडवेवर एकत्र आले ते १९८९ च्या ‘ब्लॅक अँड ब्लू’मध्ये.

१५. त्या काळचे आज प्रत्यक्ष काय पाहता येते?

रंगमंचावरील मूळ प्रयोगांचे चित्रण जवळजवळ नाही. रॉबिन्सन यांचा जिन्यावरचा नाच १९३२ च्या ‘हार्लेम इज हेवन’ या चित्रपटात आहे आणि सुरुवात तेथूनच करावी. बबल्स त्यांचे साथीदार बक वॉशिंग्टन यांच्यासह काही चित्रपटांत दिसतात. चित्रपटांतील पावलांचे आवाज पुष्कळदा नंतर वेगळे मुद्रित करून जोडलेले असत. त्यामुळे चित्र आणि आवाज यांत किंचित फरक जाणवला तर तो नर्तकाचा दोष समजू नये. एकदा आवाज बंद करून पाहावे, मग चित्र न पाहता ऐकावे, आणि तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र घ्यावे.